शेवटून दुसरा धडा

सत्काराला हलकुडे सरांची हरकत नव्हती. निवृत्तीनंतरच्या सोळा वर्षांत त्यांना इतक्या शाली मिळाल्या होत्या की त्यांच्या पत्नीनं, म्हणजे शांताक्कांनी, त्यातल्या चार जोडून एक पासोडी शिवली होती आणि उरलेल्या पाहुण्यांच्या आहेरात फिरवल्या होत्या. एक तर फिरून फिरून पुन्हा सरांच्याच खांद्यावर आली होती. तेव्हा शाल, नारळ, फेटा यांना हरकत नव्हती. हरकत होती तासाला.

निरोप घेऊन बजरंग आला होता. बेंबळीत त्याचं खत-बियाण्यांचं दुकान. पंच्याण्णवच्या दहावीचा हा विद्यार्थी आता डोक्यानं पार मोकळा झाला होता, पण सरांसमोर अजून हात मागं बांधूनच उभा राहायचा.

"सर, आता सगळीकडं तशीच पद्धत पडलीय. आमी बाकावर बसायचं, तुमी तास घ्यायचा, आन फोटो काढायचे. येत्या रविवारी."

"घेऊ की," सर म्हणाले. "जास्वंदीचं फूल घेतो."

"न्हाय सर. ग्रुपवर मतदान झालंय. एक्केचाळीस मतं एकाच धड्याला पडली. शेवटून दुसरा. डायोड आन धारित्र."

"तोच का?"

"तुमी आमाला त्यो शिकवलाच न्हाय की! 'सोपा आहे, घरी वाचून घ्या' म्हणलेला. आमी अजून वाचला न्हाय." बजरंग खदाखदा हसला. सरही हसले, पण जरा उशिरानं.

खरी गोष्ट अशी होती की तो धडा सरांनाही येत नव्हता. सर वनस्पतिशास्त्राचे पदवीधर. त्या काळी बी. एस्सी. म्हटलं की माणसानं सगळी विज्ञानं शिकवायची, भूगोलाचे मास्तर रजेवर गेले तर पृथ्वीही फिरवायची आणि शनिवारी कवायत घ्यायची, असा रिवाज होता. सरांनी ते सगळं केलं. त्यांची जास्वंद तर आसपासच्या चार गावांत नावाजलेली. ब्लेडनं ते फूल उभं चिरून ते हातात धरत, आणि मागच्या बाकावरची जांभया देणारी पोरंसुद्धा मान उंच करून बघत. प्रकाश, ध्वनी, आम्ल, अल्कली, सगळं ठीक. पण शेवटून दुसऱ्या धड्यापाशी येऊन सर अडत. मग त्यांनी असा बेत बसवला की तो धडा नेमका डिसेंबरात, गॅदरिंगच्या आठवड्यात यावा. पोरं नाटकाच्या तालमीत, पोरी झांजा शोधण्यात. 'सोपा आहे, घरी वाचून घ्या.' असे सत्तावीस वर्ग गेले. एकदा तर तपासणीला आलेले साहेब त्याच आठवड्यात वर्गात येऊन बसले. सरांनी जास्वंद चिरली. साहेबांनी शेरा लिहिला, 'उत्तम'.

आता नाही म्हणता आलं असतं. बजरंगनं ऐकलं असतं. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपल्याच पोरांसमोर पुन्हा 'घरी वाचून घ्या' म्हणायचं सरांच्या जिवावर आलं. ते म्हणाले, "शिकवतो. आणि नुसतं तोंडी नाही, प्रयोगासकट." पुढचं सगळं रामायण या शेवटच्या एका शब्दामुळं घडलं.

माळ्यावरच्या ट्रंकेत जुनं पुस्तक निघालं. त्याला अजून तोच वास होता, खळीचा आणि शाळेच्या लाकडी कपाटाचा. सरांनी ते आधी दहा मिनिटं नुसतं हुंगलं. मग चष्मा लावून वाचलं. 'डायोड विद्युतधारा एकाच दिशेने वाहू देतो. धारित्र विद्युतप्रभार साठवते.' ही दोन वाक्यं त्यांना पाठच होती. भीती होती ती तिसऱ्या वाक्याची, म्हणजे पोरांच्या 'मग?' या प्रश्नाची. मग एकाच दिशेनं वाहू देऊन मिळतं काय? साठवून करायचं काय? आणि हे दोघं एकाच परिपथात शेजारी शेजारी कशाला बसलेत? पुस्तक यावर काही बोलत नव्हतं.

शेजारचे बलभीमराव रोज सकाळी पेपर वाचायला यायचे. एसटीचे निवृत्त कंट्रोलर. पेपर सरांचा, चहा शांताक्कांचा आणि मतं त्यांची स्वतःची.

"लई सोपं हाय सर," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "डायोड म्हणजे आपला कंडक्टर. या दारानं चढा म्हणला की त्याच दारानं. आन धारित्र म्हणजे बसस्टँड. माणसं येत्यात, बसत्यात, गाडी लागली की जात्यात."

हे उदाहरण चांगलं होतं, हे सरांना मनातून कळलं होतं. पण आयुष्यभर ज्यानं 'भूम गाडी फलाटाला लागत आहे' एवढंच पुकारलं, त्याच्याकडून विज्ञान शिकायचं म्हणजे फारच झालं. "एसटीवाल्याला सगळीकडं एसटीच दिसते," असं म्हणून सरांनी पेपरातली पुरवणी काढून त्यांच्या हातात दिली.

सर शाळेत गेले. प्रयोगशाळेत त्या धड्याचा एक लाकडी फलक होता, वरती सगळे भाग तारांनी जोडलेले. नव्या मुख्याध्यापिका हर्षाली मॅडम उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली, आणि स्वतः प्रयोगशाळा उघडून दिली. आत गेल्याबरोबर सरांचं पाऊल थबकलं. भिंतीला तोच ओशट निळा रंग, बेसिनला तोच नळ, तोच गळणारा. एका बाटलीवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'सौम्य आम्ल. हात लावू नये.' सरांच्या मनात आलं, आपण इथून गेलो आणि आपलं 'हात लावू नये' मात्र अजून पोरांना दटावत उभं आहे. त्यांना भरून आलं, आणि ते लपवायला त्यांनी नळ घट्ट करून बघितला. तो आणखी गळायला लागला.

फलक कपाटात होता. काचेतून स्पष्ट दिसत होता.

"पण सर, देता येत नाही," मॅडम अगदी ओशाळून म्हणाल्या. "तो मोडीत काढलेला आहे. रजिस्टरला नाही."

"अहो, पण समोर दिसतोय."

"दिसतोय, पण नाही. जी वस्तू नाही, ती मी कुणाच्या सहीनं बाहेर देऊ? आधी ती संस्थेच्या ठरावानं परत आहे करून घ्यावी लागेल. बैठक आषाढात आहे."

"कुणी मोडीत काढला?"

मॅडमनी रजिस्टर पुढं सरकवलं. सन दोन हजार सहा. खाली वळणदार सही: शि. वी. हलकुडे. त्या धड्याचा कायमचा निकाल लावायला सरांनी तेव्हा हा मार्ग काढला होता, आणि नंतर ते विसरूनही गेले होते.

आता साहित्य विकत आणणं आलं. सर एसटीनं धाराशिवला गेले. दुकानाच्या फळीवरचा माणूस मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "कंडेन्सर किती मायक्रोचा? किती व्होल्टचा?"

सर म्हणाले, "मध्यम."

माणसानं मान वर केली. त्यानंतर सरांनी 'विद्यार्थ्यांना दाखवण्यापुरता' असं पुष्कळ समजावून सांगितलं आणि त्यानं कीव येऊन एक ट्रान्सफॉर्मर, मूठभर डायोड, एक लाल दिवा, आणि पेरायच्या लसणाच्या पाकळीएवढा निळा, गोल, दोन पायांचा कंडेन्सर, म्हणजे पुस्तकातलं धारित्र, पुडीत बांधून दिला. "पट्टी बघून लावा हं काका," तो म्हणाला. कुठली पट्टी, हे विचारायला सरांना लाज वाटली. 'काका' हेही त्यांना लागलं होतं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही त्यांना जिल्ह्यात कुणी सरांशिवाय हाक मारली नव्हती.

फलक म्हणून त्यांनी शांताक्कांचा पोळपाट घेतला. मे महिना होता. अंगणात खाटेवर पांढरं धोतर अंथरून शांताक्का आणि गल्लीतल्या तिघीजणी उडदाचे पापड वाळत घालत होत्या, आणि सर ओट्यावर पोळपाटाला खिळे ठोकत होते.

"आवं, चपात्या कशावर लाटू?" शांताक्का म्हणाल्या.

"दोन दिवस भाकरी कर. विज्ञानासाठी एवढं नाही करायचं?"

बलभीमराव होतेच. ते वायर धरून उभे होते आणि निळ्या कंडेन्सरवरची पांढरी पट्टी बघून म्हणाले, "ही पट्टी शोभेची दिसती." सरांनाही तसंच वाटलं. शोभेची वस्तू दर्शनी बाजूला असावी, म्हणून त्यांनी पट्टी पुढं येईल असा कंडेन्सर बसवला आणि पिन लावली.

लाल दिवा लागला! सरांनी चष्मा वर केला. बायकांकडं बघितलं. आयुष्यात प्रथमच तो धडा त्यांच्या घरात उजेड देत होता. "बघा," ते म्हणाले, "यात अवघड असं काही..." तेवढ्यात कंडेन्सर फुसफुसायला लागला. मग त्याचा माथा फुगला. मग अंगणात फटाक्यासारखा आवाज झाला आणि कागदाच्या ओल्या चिंध्या, एक उग्र वास आणि बलभीमरावांची टोपी, हे सगळं एकदमच पापडांवर पडलं. घाबरून सरांनी वायर ओढली, उघडी टोकं एकमेकांना भिडली, आणि घरातलाच नाही तर बाहेरच्या विजेच्या डांबावरचा फ्यूज गेला. सगळ्या गल्लीचे पंखे थांबले.

दहा मिनिटांत गावभर झालं की हलकुडे सरांचा सिलेंडर फुटला. माणसं भेटायला यायला लागली. दोघंजण तर केळी घेऊन आले. प्रत्येकाला 'सिलेंडर नव्हे, धारित्र' असं सांगता सांगता सरांचा घसा बसला, आणि सांगितल्यावर माणसं आणखी काळजीनं बघायला लागली. चार शेर उडदाचे पापड शांताक्कांनी एकही शब्द न बोलता गुंडाळून ठेवले. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी बलभीमरावांनी माणिकप्पाला बोलावलं. बसस्टँडमागं त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळक्या मोटारी खोलून त्यात तो नवी तांब्याची तार भरून द्यायचा. छत्तिशी उलटली तेव्हापासून केस पांढरे, खिशात टेस्टर, बोटं काळी. तोही पंच्याण्णवच्याच वर्गातला. डांबावर चढून त्यानं फ्यूज बांधला, खाली येऊन सरांच्या पाया पडला, आणि मग त्याची नजर पोळपाटावर गेली.

"सर, कंडेन्सर उलटा लावलाय."

"मुद्दामच लावला होता," सर म्हणाले. "उलटा लावल्यास काय होतं, ते बघायला."

माणिकप्पानं मान डोलावली. "झालं मग बघून." आणि तो तिथंच उकिडवा बसला. त्यानं खिशातून दुसरा कंडेन्सर काढला, पांढरी पट्टी वजा बाजूला धरून बसवला. सर काही वेळ घुटमळले. मग शांताक्का चहा ठेवून आत गेल्या आणि बलभीमराव टोपी धुवायला गेले, तसं सर हळूच त्याच्या शेजारी बसले.

"माणिक, हे दोघं शेजारी शेजारी कशाला असतात रे?"

माणिकप्पानं चमकून बघितलं. सर चेष्टा करत नव्हते.

"सर, तुमच्या हिरीवरच्या मोटारीला फुटव्हॉल हाय का न्हाय? पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत न्हाय. डायोड म्हणजे त्योच. घरातली लाईट म्हणजे पाण्यावानी पुढं-मागं हिसकं खाती, सेकंदाला पन्नास बार. डायोड पुढचा हिसका सोडतो, मागचा अडवतो. पर मग लाईट गचक्या-गचक्यानं येती. एक घोट आला, एक न्हाय, एक आला, एक न्हाय."

"आणि मग?"

"मग टाकी पायजे. आपल्याकडं नळाला आठ दिसांनी पाणी येतंय, पर चहा रोज हुतोय न्हवं? घरात टाकी हाय म्हणून. कंडेन्सर म्हणजे टाकी. घोट आला की भरून घेतो, न्हाय आला की आपल्यातनं देतो. म्हणून दिवा फडफडत न्हाय. डायोड निसताच आसंल तर पाणी येतंय पर टिकत न्हाय. निसती टाकी आसंल आन फुटव्हॉल न्हाय, तर भरलेलं पुन्यांदा खाली जातंय. दोघं लागत्यात."

सर पोळपाटाकडं बघत राहिले. त्यांना एकदम, स्वच्छ, सगळं कळलं. जास्वंदीचं फूल पहिल्यांदा चिरलं तेव्हा, कॉलेजात, असंच झालं होतं. कळण्याचा तो आनंद इतक्या वर्षांनी पुन्हा भेटला आणि म्हाताऱ्या माणसाला अंगणात बसल्या बसल्या उड्या माराव्याशा वाटल्या.

"अरे, हे तर फार सुंदर आहे!" ते म्हणाले. "तू रविवारी पहिल्या बाकावर बस बघ."

"म्या न्हाय सर त्या ग्रुपात. त्यो दहावी पास झालेल्यांचा हाय. मपली इज्ञानात दांडी गेलती." तो पाना पुसत होता. "बत्तीस पडलं. गणिताला ग्रेस लागला, हिकडं काय उरलाच न्हाय. तीनच मार्क पायजे हुते."

"तीन?"

"पाच मार्काचा एक सवाल पाक कोरा सोडलेला. डायोड आन धारित्र यातला फरक सांगा म्हणून." तो हसला, अगदी सहज, कुणी जुनी गंमत सांगावी तसा. "मग वडील म्हणलं, बास झालं, दुकानात बस. हितं मोटारी भरता भरता कळलं. चांगलं झालं की सर, न्हायतर कुठंतर कारकून झालो असतो."

त्याला खरंच काही सुनवायचं नव्हतं. पण सरांच्या हातातला चहा तसाच राहिला. सत्तावीस वर्ग, प्रत्येकी पन्नास-साठ पोरं. त्या प्रश्नाचं बाकीच्यांनी काहीतरी पाठ करून भागवलं असेल. हा एक घरी वाचून घेऊ शकला नव्हता, कारण याच्या घरी पुस्तकच नव्हतं, आणि हे सरांना तेव्हाही ठाऊक होतं. माणिकप्पा गेल्यावर शांताक्कांनी विचारलं, "पापडाचं एवढं मनाला लावून घेतलं व्हय?"

रविवारी शाळा ओळखू येत नव्हती. दारात रांगोळी, वर्गात फुगे. एक्केचाळीस संसारी माणसं आपापल्या जुन्या बाकांत शिरायच्या खटपटीत होती. कुणी शिरलं होतं आणि आता बाहेर येता येत नव्हतं. पोळपाट टेबलावर मांडला होता, आणि कोपऱ्यात, माइकच्या पेटीमागं, वायरी गुंडाळत माणिकप्पा उभा होता. बजरंगनं त्याला माइक लावायला बोलावलं होतं.

सरांनी खडू उचलला. फळ्यावर तारीख लिहिली, विषय लिहिला. पाठ केलेलं सगळं तोंडात तयार होतं. फुटव्हॉल, टाकी, घोट. फर्डं भाषण झालं असतं आणि टाळ्याही पडल्या असत्या. त्यांनी कोपऱ्यात बघितलं आणि खडू खाली ठेवला.

"लेकरांनो," ते म्हणाले, "हा धडा सोपा होता म्हणून सोडला नव्हता. मला येत नव्हता म्हणून सोडला होता. सत्तावीस वर्षं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बजरंगनं टाळ्यांसाठी हात वर केले, पण सरांचा चेहरा बघून ते तसेच खाली घेतले.

"मला हा परवा कळला. ज्यानं शिकवला तो या वर्गातलाच आहे. माणिकप्पा गुंडाप्पा, उभा राहा."

"सर, म्या उभाच हाय," कोपऱ्यातून आवाज आला.

"मग पुढं ये. प्रश्न पाचवा. डायोड आणि धारित्र यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट कर. पाच गुण."

माणिकप्पानं वायर खाली ठेवली. हात पँटला पुसले. त्यानं एकदा दाराकडं बघितलं, पण दार लांब होतं. मग तो टेबलाशी आला आणि घसा खाकरून, थेट परीक्षेला बसल्यासारखा, हात बाजूला सरळ सोडून बोलायला लागला.

"डायोड दिशा बघतो. हिकडून आला तर जा, तिकडून आला तर मागं फिर. पर त्यो सोताकडं काय बी ठेवून घेत न्हाय. कंडेन्सर ठेवून घेतो. भरला की पुढं घेत न्हाय, आन मागं कमी पडलं की आपल्यातलं देतो. उदाहरण..." पुस्तकातल्या 'विद्युतधारा', 'विद्युतप्रभार' यातला एकही शब्द त्यानं वापरला नाही हे सरांनी ओळखलं, आणि तरी सगळं बरोबर आहे हेही. "उदाहरण दावतो."

पोळपाटाची पिन भिंतीत लावलेलीच होती आणि लाल दिवा जळत होता. माणिकप्पानं भिंतीतली पिन उपसून हातात धरली. दिवा विझला नाही. वायर हातात लोंबत होती आणि दिवा जळतच होता, एक, दोन, तीन, वर्गात कुणीतरी मोठ्यानं मोजायला लागलं, मग सगळेच मोजायला लागले. मंद होत होत तो सातला विझला. पन्नाशीला टेकलेली ती माणसं 'ओऽऽ' करून ओरडली, नेमकी त्या वेळच्या पोरांसारखी.

"चार," सर म्हणाले. "चार गुण."

"सर, पाच द्या की!" बजरंग ओरडला.

"आकृती कुठं आहे? आकृतीचा एक गुण असतो." मग त्यांनी बेरीज केली. "बत्तीस आणि चार, छत्तीस. माणिकप्पा, तू पास आहेस."

टाळ्या वाजायला लागल्या. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. बजरंग मोबाइल काढून त्याचा नंबर विचारायला लागला. पण माणिकप्पा कुणाकडं बघत नव्हता. तो टेबलावरच्या खडूकडं बघत होता.

"सर," तो म्हणाला, "आकृती काढू का?"

सरांनी खडू त्याच्या हातात दिला. मग ते पहिल्या बाकावर, बजरंगला सरकवून, कसेबसे मावले, शेजारच्याकडून कागद आणि पेन मागून घेतलं, आणि फळ्यावर जे जे उमटत होतं ते डोळे पुसत पुसत उतरवून घ्यायला लागले.